बोट लागलेल्या काकू

कशा आहात असं विचारलं की काकू हवामान सांगायच्या. "आज बोट लागलीय रे," नाहीतर "आज समुद्र जरा शांत आहे." माहेर कोकणातलं, संसार सगळा फरीदाबादला. बोट म्हणजे त्यांची मळमळ. ती सकाळच्या चहाआधीच सुरू व्हायची आणि दिवसभर मुक्कामाला असायची.

मी तेव्हा दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करत होतो. रविवारी वडिलांच्या चुलतभावाकडे, म्हणजे या काका-काकूंकडे, जेवायला जायचो. काकू नाकाला पदर लावून फोडणी घालायच्या, आम्हाला आग्रह करकरून वाढायच्या आणि स्वतः मऊ भाताचे चार घास घेऊन उठायच्या. "माझं झालं," म्हणायच्या. काय डोंबल झालेलं असायचं!

ते नव्या सोसायटीत राहायला गेले तेव्हा शेजारच्या पंजाबी बाईंनी काकूंना उमासे येताना पाहिलं. "भाभीजी, खुशखबरी है क्या?" चाळिशी उलटलेल्या काकू म्हणाल्या, "है ना, पर गले में ही अटकी है." बाई हसून बेजार झाल्या. काकूही हसल्या आणि आत जाऊन ओकून आल्या.

काका माणूस सोन्यासारखा, पण कारखान्यातला इंजिनियर. दिसत नाही तो बिघाड नाही, हा त्यांचा खाक्या. "सगळं मनाचं आहे गं," म्हणायचे. नातेवाईक तर सरळ नखरे म्हणायचे. बाकी सगळं काकू हसण्यावारी न्यायच्या, हे मात्र त्यांना फार लागायचं. एकदा भांडी आवरताना मला म्हणाल्या, "मला खरंच वेड तर लागलं नसेल ना रे?"

मग सेक्टरात एक नवा खाजगी दवाखाना निघाला. तिथे दुर्बिणीची तपासणी होती. नळी काकूंच्या घशात आणि समोर टीव्हीवर त्यांची अन्ननलिका, सुजून लालभडक झालेली. डॉक्टरांनी काकांनाच पडद्यासमोर उभं केलं. सूज जुनी आहे, औषधाने उतरेल, पण मळमळ बहुधा राहणार, असं सांगितलं.

पुढच्या रविवारी गेलो तर काका पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावत होते, मागच्या बांधकामावरून मागून आणलेल्या. डॉक्टरांनी डोकं उंच ठेवायला सांगितलं होतं. पलंग दोघांचा, त्यामुळे काकाही रोज घसरत झोपणार होते.

"बरं वाटतंय का आता?" मी काकूंना विचारलं.

"छे रे, आहे तसंच आहे. पण हे आता 'खरंच होतंय का' असं नाही विचारत. 'आज किती आहे?' विचारतात," काकू म्हणाल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या.