टाळूवरचं बोट

लेकीला न्हाऊ घालणाऱ्या सखूमावशी तिच्या टाळूवर तेल भरतात, तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघत बसते. माझी लेक सात महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात तिचा ताप पाच दिवस उतरत नव्हता, डोळे आणि ओठ लालभडक झाले होते. आम्ही सगळे म्हणत होतो, दात येताहेत. आंघोळ बंद होती, तरी मावशी टाळू भरायला आल्या आणि त्यांचं बोट थबकलं. "ताई, टाळू फुगलीय. हे दातांचं नाही."

डॉक्टर म्हणाले, कावासाकी नावाचा आजार. मेंदूच्या आवरणाला सूज होती, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही. हृदय अजून तपासत राहायचंय.

आता ती खिदळते. त्या आजारात निघालेली बोटांची सालं जाऊन नवी कातडी आलीय. पण मला तिच्या हसण्याचाही भरवसा वाटत नाही. शेजारीण म्हणते, "ओठ कसे लालचुटुक आहेत," आणि मी थर्मामीटर शोधायला उठते.

मावशी म्हणतात, वर्षा-दीड वर्षात टाळू भरून येईल. येऊ दे. पण मग बोट ठेवून विचारायचं कुठे? हृदयाला टाळू नसते.