शनिवारी आलेलं क्लचप्लेटचं पार्सल

मोबाईलवरून गाडीचे पार्ट मागवणाऱ्या माणसाला मी पूर्वी हसायचो. वांगी घेताना चार वेळा उलटीपालटी करून बघतो आपण, आणि हे शहाणे क्लचप्लेट फोटोवर घेतात! मग आमच्याच गाडीची क्लचप्लेट जळली आणि माझी सगळी मस्ती उतरली.

चारचाकी जुनीच, दुसऱ्याची वापरलेली. आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी घेतली होती. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी शिरूरला डायलिसिस. आमची वस्ती इनामगावच्या अलीकडं, उसात. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. गाडी बंद म्हणजे आबांचं डायलिसिस बंद.

मिस्त्री वस्तीवर येऊन गाडी बघून गेला. क्लचचा अख्खा सेट बदलायचा होता. शिरूरला विचारलं, दौंडला जाऊन विचारलं, भाव ऐकून गुमान परत आलो. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "मोबाईलवर बघा की. निम्म्यात मिळंल. आलं की सांगा, यिऊन बसवून देतो." मागवला. शनिवारी येईल असा मेसेज आला.

त्या गुरुवारी शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून आबांना नेऊन आणलं. पुन्हा त्यांना सांगायला आबा तयार होईनात. "शनिवारी पार्ट येतोय ना? मग सोमवारी आपल्याच गाडीनं जाऊ. रोज उठून कशाला लोकांच्या दारात?"

शनिवारी मी शिक्रापूरला कंपनीत होतो. लाइनवर मोबाईल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुटल्यावर बघतो तर कुणा अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल आणि खाली मेसेज: ग्राहकाने पार्सल नाकारले, ऑर्डर परत पाठवली आहे. मोटारसायकलवर टांग टाकली ती थेट घर गाठलं.

आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"आगं, पार्सल आलं होतं का?"

"व्हय, आलं होतं की. चांगलं जड होतं. काय हाय म्हनलं, तर म्हनला गाडीचं लोखंड हाय. म्हनलं, आज शनिवार हाय बाबा, आज लोखंड घरात घेत न्हाई आमी. सोमवारी आन."

माझं डोकंच फिरलं. "तो काय दूधवाला हाय का, सोमवारी परत यायला? गेलं ते! कायमचं गेलं!"

आईचे हात थांबले. "आरं, तुझ्या आबांसाठीच केलं मी. आधीच त्यांच्या जिवाला घोर, त्यात शनिवारचं लोखंड घरात..." मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. नको नको ते बोललो. शेवटी आतनं आबा म्हणाले, "गप की रं. एक दिवस मागं-पुढं झालं तर काय हुतंय?"

रविवारी गावातल्या सगळ्या गाडीवाल्यांना फोन लावले. दाट तिथी, गाड्या सगळ्या लग्नांना गेलेल्या, शेजाऱ्यांचीसुद्धा. एकानं सोमवारी सकाळी येतो म्हणून शब्द दिला. आम्ही आबांना आंघोळ घालून, टोपी घालून ओट्यावर बसवलं. ऊन ओट्यावर आलं तरी गाडी नाही, आणि त्याचा फोन बंद. डायलिसिस सेंटरला फोन केला, तर म्हणाले, आजचा नंबर गेला, उद्या सकाळी आणा. दुपारी आबांना धाप लागली. ॲम्ब्युलन्स लांब कुठंतरी होती. एका कांदेवाल्याच्या पिकअपला हात करून आबांना मागं गोधडीवर झोपवलं. न्हावरा गाव मागं पडलं आणि माझ्या हातातला त्यांचा हात ढिला झाला. तरी मी ड्रायव्हरला ओरडत होतो, हाण, हाण म्हणून.

शिरूरला डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली. मग रागानंच म्हणाले, "एवढा उशीर का केला?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढं झाली. "मी परत पाठवलं, डॉक्टर. त्यो दारात आला हुता. मीच म्हनलं, सोमवारी ये."

कोण आला होता, काय परत पाठवलं, डॉक्टरांना काही कळेना. ते माझ्याकडं बघायला लागले. आई तेच तेच सांगत राहिली. मी तिला धरलं होतं, पण "नाही गं आई, तुझ्यामुळं नाही" एवढं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. अजून निघालेलं नाही.