फुगलेली पत्रपेटी

आमच्या सोसायटीतल्या एका बंद घराची पत्रपेटी जाहिरातींच्या कागदांनी फुगली आहे. आज सकाळी एक माणूस तिच्यात आणखी एक कागद कोंबत होता. उद्या खरं पत्र आलं तर ते आत जाणार कुठून? मला आमचे मालक आठवले आणि डोकंच फिरलं.

मालकांचं साड्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायचं काम माझं. कधीच बंद पडलेले पत्ते, वर्षानुवर्षं काही न उघडणारे, "कृपा करून थांबवा" असं कळवणारे, सगळ्यांना पाठवायचं. नावं काढूया म्हटलं की मालक दुखावतात. "अहो, गिऱ्हाईक म्हणजे घरचं माणूस. त्याचं नाव कापायचं नसतं."

घरचं माणूस म्हणे! पंगतीत पानावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांवरही जिलबी टाकणारे लोक असतात ना, त्यातली ही आपुलकी. समोरच्याचं 'नको' ऐकायचंच नाही आणि वर त्याला माया म्हणायचं.

लोक इतके वैतागले की आता आमचे सगळेच ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतात. हे सांगितलं तर मालक म्हणाले, "मग आणखी पाठवा."

दुपारी लेलेकाकूंचा फोन आला. आमचा प्रत्येक ईमेल वाचून आवर्जून उत्तर लिहिणाऱ्या त्या एकट्याच.

"बऱ्याच दिवसांत काही आलं नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव कापलंत का हो?"

मी उठले आणि फोन मालकांच्या हातात दिला.

"घ्या," म्हटलं, "घरचं माणूस आहे."