रावसारांची अकराची कॉफी

आमच्या कुंभकोणमच्या विमा ऑफिसात एकवेळ फायली निकालात निघतील, किस्से नाही! रोज नवा. त्यात हेड ऑफिसनं कर्मचाऱ्यांचं जीवनमान सुधारायचं मनावर घेतलं आणि चीगाँग सुरू केलं. चीगाँग म्हणजे चिनी व्यायाम, एकदम संथ. वेळ सकाळी अकरा.

अकरा ही रावसारांची कॉफीची वेळ! रावसार माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. घराणं तंजावरी मराठी. मी सांगलीची, म्हणून माझ्याशी मराठीतच बोलतात, पार शिवकाळातल्या! "मज व्यायाम नको, मा. मज कॉफी पाहिजे." पण मॅनेजर गोमती मॅडम कडक. व्यायाम संपला की काउंटरवर ही गर्दी, म्हणजे कॉफी गेलीच. बिचाऱ्यांचा चेहरा बघवेना.

*

मास्टर चेन्नईहून टीव्हीवर शिकवायचे; टीव्हीवरच्या कॅमेऱ्यातून आम्हीही त्यांना अंधूक दिसायचो. मॅडमची ऑर्डर, "समोरचा करेल तस्सं करायचं!" एकदा मास्टरांनी एक पाय उचलला आणि नेट गेलं. मास्टर थिजले. आम्हीही! तेवढ्यात एक आजोबा दारात आले. आम्हाला बघून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

*

एकदा डोळे मिटून पोटाशी मोठा चेंडू धरल्यासारखं उभं राहायचं होतं. तिरुनीलक्कुडीचे एक शेतकरी हप्ता भरायला आले. पाकीट काढायचं म्हणून त्यांनी केळ्यांचा अख्खा घड रावसारांच्या हातांत ठेवला. टीव्हीतून मास्टर ओरडले, "शाबास! त्या काकांना बघा, चेंडूचं वजन जाणवतंय त्यांना!"

*

मग हेड ऑफिसचा फोन. जीवनमान कसं आहे? रावसार म्हणाले, "अकरा वाजेपर्यंत उत्तम." झालं! मास्टर स्वतः येऊन थडकले.

आम्ही डोळे मिटून उभे, आणि कॉफीचा वास आला. बघते तर मागच्या रांगेत रावसार! एक हात डोक्याच्या वर, दुसरा कमरेशी, वरच्या पेल्यातून खालच्या डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफीची धार. मग हात बदलून पुन्हा. किती संथ! मी म्हटलं, गेली नोकरी.

मास्टर भारावून बघत राहिले. "हे खांदे! हा श्वास! सर, हे सगळ्या शाखांना शिकवा."

सोमवारी कॅमेऱ्यासमोर रावसार. मास्टरांची अट एकच, हात रिकामे. स्क्रीनवर सगळ्या शाखा. रावसारांनी हवेतली धार वरखाली केली, शेवटी सवयीनं रिकामी मूठ तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर उणी!"

स्क्रीनवर तमिळनाडूभरच्या शाखांनी मूठ तोंडाला लावली, तोंड वाकडं केलं आणि एका सुरात म्हटलं, "साखर उणी!"