ओल्या आऱ्यांवर दिलेला रंग

मोटारीची चाकं मी रंगवली होती. चारही. आमच्या अंगणात, पदर खोचून, माझ्या हातानं. एवढं सांगायला मला बारा वर्षं लागली. आता सांगते आहे तर सगळंच सांगते, आणि कुणाला आवडो न आवडो, मान खाली घालून सांगणार नाही.

ती मोटार गिरणीतल्या एका साहेबानं वापरून सोडलेली. यजमान ती दुधनीच्या वाटेवर भाड्यानं चालवत. तिची चाकं लाकडी आऱ्यांची होती, बैलगाडीच्या चाकांसारखीच, फक्त आरे बारीक आणि बाहेरून रबर. आमच्याकडच्या उन्हात लाकूड आक्रसतं. चैत्र संपेपर्यंत आरे मधल्या तुंब्यात खुळखुळायला लागले आणि जुन्या रंगाचे पापुद्रे सुटले. यजमानांचं लक्ष इंजिनावर. चाकांकडे बघणारी घरात मीच.

गल्लीच्या टोकाला गाडीची चाकं करणारा एक सुतार होता. लांबलांबचे गाडीवान त्याच्याकडे यायचे. त्यानं दोन आरे नवे बसवले आणि चाकं आमच्या अंगणात आणून टाकली. रंग मी देणार हे त्याला ठाऊक होतं. हसला नाही तो. म्हणाला, "वैनी, दोन दिस हौदात ठिवा, आरे फुगून घट्ट बसतेत. मग आट दिस सावलीला वाळू द्या, जवसाचं तेल पाजा, आन् मग रंग. वाळल्याबिगर डबा उघडायचा न्हाई बघा."

हौदात चाकं बुडवली तेव्हा शेजारीण भिंतीवरून डोकावली. "अगं, आमाला प्यायला पाणी न्हाय आन् तुझी चाकं आंगुळ करायलीत व्हय? नवऱ्याला तरी तांब्याभर ठिवलंयस का?"

"ठेवलंय की," मी म्हटलं, "पण आधी चाकं!"

चाकं बाहेर काढली तर आरे असे गच्च बसले होते की हातोडीनं ठोकलं तरी हलेनात. आणि तिथंच माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. आठ दिवस वाळवायची म्हणजे फुगलेलं लाकूड पुन्हा आक्रसणारच ना? मग ही ओल आतच कोंडून टाकली तर? वरून तेलाचा रंग जाड दिला, फट म्हणून ठेवली नाही, तर पाणी जाईल कुठं? आरे जन्मभर घट्ट राहतील. सुताराला हे सुचलं नाही, मला सुचलं, याचा मला फार आनंद झाला. धोतराच्या चिंध्यांनी चाकं पुसली, वरवर कोरडी दिसताच लाल रंगाचे तीन हात दिले. आऱ्यांवर काळी रेघ ओढली. खोटं कशाला बोलू, चाकं अशी दिसत होती की मी स्वयंपाक सोडून त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

स्टँडवर लोकांनी विचारलं, तेव्हा यजमानांनी सांगितलं, "सुताराकडनं करून घेतली." बायकोनं मोटारीची चाकं रंगवली हे सांगायची त्यांना लाज. मला राग आला.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या आधी, भरल्या मोटारीचं पुढचं चाक गावाबाहेरच्या उतारावर आरे मोडून खाली बसलं. मोटार चरात कलंडली. उतारू खरचटण्यावर सुटले. यजमानांचा उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही.

मोडकं चाक अंगणात आणलं. बघायला गल्ली गोळा झाली. सुताराला बोलावलं. त्यानं आऱ्याच्या बुडाशी खिळा खुपसला. वर रंग चकचकीत आणि आत ओला भुसा. खिळा लोण्यात जावा तसा गेला.

"हे काम म्हणतोस तू?" यजमान गळ्यात बांधलेल्या हातानिशी ओरडले. "माणसं मेली असती की रे!"

"मालक, लाकूड सागाचं हाय. ओल्यावर रंग बसलाय." तो दाराकडे बघत म्हणाला. दारामागं मी उभी होते. "रंग कवा दिला, तेवढं इचारा."

"कुणाला विचारू? तूच दिलास म्हणून सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

तो थांबला. मला बोलायला जागा करून दिली होती त्यानं, चांगली ऐसपैस. मी दाराची कडी धरून उभी राहिले. मग तो खिळा खिशात टाकून निघून गेला.

त्या दिवसापासून गाडीवान त्याच्याकडे येईनासे झाले. चाकं करणारा माणूस बाजारात पोळपाट-लाटणी घेऊन बसू लागला. तो बसायचा तो बोळ सोडून मी लांबनं जायची. एक लाटणं घ्यायचीही माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात जावई आले होते. यजमानांनी वाकडा हात दाखवत ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली, सुताराच्या नकलेसकट. जावई हसले. मी वाढता वाढता म्हटलं, "चाकं मी रंगवली होती. ओलीच."

जावई गेल्यावर यजमान म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? बायकोकडनं चाकं रंगवून घेतली म्हणून लोक मला हसतील."

"हसू देत. चूक माझी, ती त्याच्या नावावर कशाला? आणि रंगही माझाच होता. तोही मी कुणाला देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुताराच्या खोपटात गेले. म्हातारा लाटणं तासत होता. चार-पाच गाडीवान, चाकांच्या कामाला नव्हे, नुसते सावलीला विडी ओढत टेकले होते. मी त्याच्यापुढं उभी राहून सांगायला लागले, तसं त्यानं हात वर केला.

"मला कशाला सांगताय? मला तवाच ठावं हुतं. ह्यास्नी सांगा."

मी वळले आणि सांगितलं. वाळू द्या म्हणून यानं बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि विचारलं तेव्हा गप्प बसले. सगळं, मोठ्यानं.

एक गाडीवान खो खो हसला. "बाईमानूस मोटारीला रंग देतंय व्हय! काय तर सांगताय वैनी. म्हाताऱ्याची दया आली जनू."

म्हातारा मान वर न करता म्हणाला, "तिनंच दिलता. हात लई चांगला हाय तिचा. कान तेवढे न्हाईत."

हसणाऱ्यानं विडी टाकली. एक जण तोंड फिरवून बैल सोडायला निघाला होता, त्यानं नीट ऐकलं नव्हतं. मी त्याच्यामागं रस्त्यावर गेले, बैलाच्या कासऱ्याला हात घातला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.