हापशाच्या पाइपाचा मॅनिफोल्ड

मी वेल्डिंगचं दुकान चालवतो. नांगर, ट्रॉलीचे हूक, गोठ्याचे अँगल, मांडवाचे खांब, असलं सगळं माझ्या हाताखालून जातं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जे ठेवतात त्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केलेली आहे. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते.

दुकान मुरुमहून उमरग्याला जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्याच शेताच्या कडेला आहे. तिथून पाचशे पावलं आत गेलं की घर, आणि घरापुढं हापसा. हापशाचं पाणी आटून आठ-दहा वर्षं झाली. दांडा मारला तर नुसता खडखडाट व्हायचा, पण हापसा गप्प नव्हता. सकाळी त्याच्या तोंडाशी वाळलेलं पान धरलं तर ते आत ओढलं जाऊन चिकटायचं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तोच हापसा उलटी हवा सोडायचा आणि शिट्टी वाजायची. बारीक, लांबलचक, शेवटाला थोडी खाली उतरणारी. खाली बोअर रिकामा असला की हवेच्या दाबानं असं होतं, हे मला नंतर कुणीतरी समजावून सांगितलं. आईला ते समजून घ्यायची गरज पडली नाही. हापसा वाजला की ती चहाचं आधण ठेवायची. जास्त वेळ वाजत राहिला तर आभाळाकडं न बघताच वाळवण आत आणायची.

आईची स्वतःची एक हाळी होती. हापशाच्या ओट्यावर उभी राहून, तोंडाला हात लावून ती नुसतं 'कूऽऽऽ' करायची. कुणाचं नाव घ्यायची नाही. लांबून ऐकलं तर ती हाळी हापशाच्या शिट्टीसारखीच वाटायची. त्या एका हाळीवर आबा, म्हणजे माझे वडील, रानातून यायचे आणि मी दुकानातून.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात ती त्याच ओट्यावर चिंचा फोडत बसली होती, आणि तिथंच गेली. मी दुकानात होतो. आबा रानाच्या दुसऱ्या टोकाला कडब्याची गंज रचत होते. ते चहाला घरी आले तेव्हा ती कलंडलेली होती आणि चिंचोके सगळीकडं पसरले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

तेव्हापासून आबांचं बोलणं आटलं. आमचा हा माणूस बैलाशीसुद्धा तासभर गप्पा मारायचा, तो आता हूं आणि न्हाय एवढ्यावर दिवस काढायला लागला. रोज दुपारी जेवण झालं की हापशाच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि उन्हं कलल्यावर उठायचे. मला वाटलं, सवय आहे. म्हातारं माणूस बसतंय तर बसू दे.

अशात माझा शाळेतला दोस्त एक गाडी घेऊन आला. त्याचं उमरग्यात स्पेअर पार्टचं दुकान आहे. हैदराबादहून त्यानं जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार आणली होती. लाल रंग उडून विटकरी झालेला. दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर यायचे. सातवीत त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर अशाच गाडीचं चित्र होतं, आणि त्या वहीसाठी त्यानं मास्तरांचा मारही खाल्ला होता.

"हिला टर्बो बसवायचाय," तो म्हणाला.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडी उसळते. भंगारातल्या एका पिकअपचा टर्बो त्यानं आधीच आणून ठेवला होता. पण इंजिनाच्या चार भोकांतला धूर एकत्र करून टर्बोपर्यंत न्यायला चार पाइपांचा एक जोड लागतो, तो मॅनिफोल्ड. या गाडीचा तो कुठंच मिळत नव्हता.

"तू करशील," तो म्हणाला.

"मी ट्रॉल्या करतो."

"हौ यार, मग ट्रॉलीच समज. फक्त पळणारी कर."

मी त्याला वेड्यात काढलं, आणि त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर इंजिनाच्या भोकांचा छाप घेऊन बसलो. जाड पट्टीतून दोन फ्लँज, म्हणजे बोल्टनं आवळायच्या चकत्या, कापले, एक इंजिनाकडचा, एक टर्बोकडचा. घोडं अडलं पाइपांपाशी. बाजारातला पाइप पातळ, वाकवला की पोटात चेपायचा. जाड पत्र्याचा, सव्वा इंची पाइप हवा होता. दोन दिवस भंगारवाले पालथे घातले आणि तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता नजर हापशावर गेली. हापशाच्या पोटात असाच पाइप असतो. साठ-सत्तर फूट पाइप जमिनीत फुकट पडून होता.

आबा तेव्हा आठ दिवसांसाठी तामलवाडीला आत्याकडं गेले होते. त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं. दोस्ताला हाताशी घेऊन मी पाइप उपसले. शेवटचा पाइप वर आला तेव्हा बोअरमधून गार, ओलसर वासाची हवा भसकन तोंडावर आली. घड्याळात बघायची गरज नव्हती, दुपारची ती वेळच होती. पण आवाज काही आला नाही. मी हापशाचं डोकं परत जागेवर बसवलं. वरून कळू नये म्हणून दांड्याला तेलसुद्धा लावलं.

पाइपात कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, भट्टीत लाल करायचा आणि वाकवायचा. असे चार पाइप वाकवले. हापशाच्या पाइपावर जस्ताचा मुलामा असतो, तो जाळताना पांढरा धूर निघतो आणि तो छातीत जाऊ द्यायचा नसतो. हे मला माहीत होतं. तोंडाला फडकं बांधलं, वर गुळाचा खडा खाल्ला. आमच्या धंद्यात सगळे धुरावर गूळच खातात. त्यानं काय होतं देव जाणे, मला मात्र संध्याकाळी हुडहुडी भरली. मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन पडलो. तोंडात गोडसर, लोखंडी चव. त्या तापात मला आईची हाळी ऐकू आली. बायकोला म्हणालो, बघ कोण आहे. ती म्हणाली, कुणी न्हाय, झोपा गप.

आबा परत आले त्या दुपारी ओट्यावर जाऊन बसले. मी लांबून बघत होतो. साडेतीन झाले, चार झाले. आबा उठले आणि त्यांनी हापशाच्या तोंडाला कान लावला. मग दांडा एकदा वर-खाली केला. तो अगदी हलका गेला, कारण खाली काही नव्हतंच. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि ते घरात गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचं जेवण सोडलं. "आबांनी आज बी ताट सारलं," बायको रोज सांगायची. दोन आठवड्यांत त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. मी आधी चिडलो, मग घाबरलो. आई गेली तेव्हा मला कळलंसुद्धा नव्हतं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चालला होता आणि त्याला कारण मीच होतो, एवढं दिसत होतं. पाइप परत टाकावेत म्हटलं, तर उरलेले मी एका मांडवाच्या खांबांना कापून बसलो होतो.

मॅनिफोल्ड तयार झाला. दोस्तानं तो इंजिनावर चढवला, टर्बो बसवला आणि सकाळी दहाला गाडी चालू केली. तासभर चालवली. पाइप तापून लाल झाले, कुठं गळती नाही, आवाज नाही. दोस्त एवढा खूष झाला की त्यानं माझ्या गालाचा मुकाच घेतला. जेवून आलो आणि दुपारी पुन्हा चालू केली. थोड्या वेळानं मॅनिफोल्डातून शिट्टी आली.

बारीक. लांबलचक. शेवटाला थोडी खाली उतरणारी.

मी पाना खाली ठेवला. दोस्त म्हणाला, "तिसऱ्या पाइपाला छिद्र आहे वाटतं." मी शेताकडच्या दारातून बाहेर बघत होतो. आबा येत होते. डोक्याला काही नाही, पायात काही नाही, ढेकळांतून सरळ दुकानाच्या दिशेनं. ते दारात येऊन उभे राहिले. दोस्तानं इंजिन बंद केल्यावर ते आले तसे परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवली, शिट्टी नाही. दुपारी साडेतीनला शिट्टी, आणि बांधावर आबा. तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम सकाळभर गाडी तापवली, पाइप कालच्याहून लाल झाले, तरी आवाज नाही. दुपारी पुन्हा तेच. दोस्त म्हणाला, दुपारचं ऊन, लोखंड जास्त पसरतं. मी मान डोलावली. मे महिन्यात सकाळी अकराला काय बर्फ पडतो का, असं विचारायचं होतं, पण विचारलं नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो.

चौथ्या दिवशी आबा आले तेव्हा दोस्त नव्हता. गाडी मीच चालू केली होती. आबांच्या पायाला काटा लागून रक्त आलं होतं. मी भडकलो.

"आबा, डोकं फिरलंय का तुमचं? उन्हाचं अनवाणी कशाला येता?"

"हाळी आली."

"गाडी हाय ती! पाइपाला छिद्र पडलंय."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले. "हापशाचा पाइप हाय त्यो."

मी इंजिन बंद केलं. आबा माझ्या स्टुलावर बसले. दोन वर्षांत ते एवढं बोलले नव्हते, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो.

"त्या दिशी म्या गंजीवर व्हतो. हाळी आली. दोनदा आली. म्या म्हनलं, हापसा वाजतुया, च्याची येळ झाली. चारच पेंढ्या ऱ्हायल्या व्हत्या. म्हनलं, रचून जातो." त्यांनी चार बोटं वर केली. "चार पेंढ्या रचल्या अन् मग गेलो."

आबांनी पाय वर घेऊन काट्यावरून बोट फिरवलं.

"तवापासनं एक बी हाळी सोडली न्हाय. हापसा वाजायच्या आधीच जाऊन बसायचो. हापसा आसंल, न्हायतर ती आसंल. जायाला काय लागतंय. तू पाइप काढलास, तवा..."

"तवा काय, आबा?"

"तवा कुठं जायाचं त्ये कळंना."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि काटा काढायचं निमित्त केलं. दोन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांच्या तळपायाकडं बघत सांगितलं. त्या दिवशी माझा ग्राइंडर चालू होता. ती बोलावत असेल तर मला ती ऐकूच येणं शक्य नव्हतं. पाचशे पावलांवर होतो मी. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोस्त आला. त्याचं म्हणणं रास्त होतं. छिद्र राहिलं तर टर्बोला जोर मिळत नाही, वर पेट्रोलची नळी वितभर अंतरावर. आज खोलून भरूनच टाक, म्हणाला. मी आबांकडं बघितलं. ते आज हाळीच्या आधीच येऊन बसले होते. पायात चपला होत्या, डोक्याला टापर होतं.

"एकडाव चालू कर," आबा म्हणाले.

दोस्तानं चावी फिरवली. इंजिन तापलं, पाइप लाल झाले आणि साडेतीनला शिट्टी सुरू झाली. आबा उठले, गाडीपाशी गेले, उघड्या बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकवून वाकले. चटका बसत असणार, पण हात काढले नाहीत.

"आलो गं," ते म्हणाले. "आलो, आलो."

शिट्टी थांबली. इंजिन चालूच होतं. दोस्तानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"काजळी बसली असेल छिद्रात," तो हळू आवाजात म्हणाला.

"आसंल," मी म्हणालो.

आबांनी टापर सोडून तोंड पुसलं. "आता बुजव त्ये," म्हणाले आणि घराकडं निघाले. त्या दुपारी त्यांनी बायकोकडं भाकरी मागितली आणि कांद्याबरोबर दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनिफोल्ड खोलून बॅटरीच्या उजेडात धरला. तिसऱ्या पाइपाच्या वळणाखाली सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं. त्यात काजळी नव्हती. उजेड आरपार स्वच्छ येत होता. मी दोस्ताला काही सांगितलं नाही, रॉड लावला आणि भरून टाकलं. गाडी आता उमरग्यात असते. आवाजाची त्याची तक्रार नाही.

रोज साडेतीनला मी ग्राइंडर बंद करतो, गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी, आणि घरी जातो. आबा ओट्यावर असतात. "हाळी आली व्हय?" ते विचारतात.

"न्हाय," मी म्हणतो. "च्याला आलो."

कधी कधी ते खोटं असतं.