रेजिमेंटच्या इतिहासातलं माझं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं – मी इंग्लंडात रीडिंग गावी नोकरीला होतो आणि मला एक खूळ लागलं. तिथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात जे जुनं यादवी युद्ध झालं, त्यातल्या लढाया मैदानावर करून दाखवणारं एक हौशी घोडदळ होतं. सगळे स्वयंसेवक. मी पुण्याकडचा, म्हणजे घोड्यावरच वाढलो असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. आमच्या सात पिढ्या कारकुनीत गेलेल्या! पण मी कशाला नाही म्हणतोय? गुपचूप शिकवणी लावली आणि स्वार झालो. वर रेजिमेंटचा इतिहास लिहायचं कामही माझ्याकडे आलं – कोणत्या वर्षी कुठे लढलो, कोण पडलं.

माझी घोडी हेझल. तिला बारा वर्षं सांभाळलं होतं जोननं, साठीच्या एका एकट्या बाईनं. खोगीर जोनच घालायची. पण हेझल लबाड – तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट फुगवून धरायची, मग श्वास सोडला की तो सैल पडायचा. म्हणून जोन दर वेळी बजावायची, "चढण्याआधी तू स्वतः पुन्हा आवळ."

त्या रविवारी मी – काय सांगू? – फोटो काढून घेत होतो. टोप, तलवार, सगळी ऐट. कर्णा वाजला आणि मी तसाच चढलो.

खोगीर फिरलं. मी पडलो, हात मोडला. खोगीर पोटाखाली लोंबत असलेली हेझल बिथरून तोफेच्या चाकावर गेली. पाय मोडलेल्या घोड्याचं काय करतात, तुम्हाला ठाऊक असेल. जोन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

कमिटीनं विचारलं. मी म्हणालो, तंग मी पुन्हा आवळला होता. धडधडीत खोटं. आणि वर्षअखेरीस इतिहासात लिहिलं – खोगीर मुळातच नीट बांधलेलं नव्हतं. नाव घातलं नाही. गरज काय होती? खोगीर कोण घालायचं, ते सगळ्यांना माहीत होतं.

जोन यायची बंद झाली. बायको म्हणायची, "अहो, एकदा फोन तरी करा ना तिला. शी मस्ट बी हार्टब्रोकन." मी आज करतो, उद्या करतो.

मग तिचंच पत्र आलं. माझ्या हातून चूक झाली, हेझल गेली, तुलाही इजा झाली – जमलं तर क्षमा कर, असं.

मी भित्रा होतो. नाही, नुसता भित्रा नाही – त्याहून वाईट होतो. कारण मी त्या पत्राला उत्तर लिहिलं. तुला मी माफ केलं आहे, असं लिहिलं.